चार मासे, दोन शाया आणि पंचाहत्तर कागद

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर इथेच लक्षात येईल. बांगडा, पापलेट, मांदेली आणि कर्ली अशी चार माशांची चित्रं तुम्ही टॅब्लेटवर काढली आहेत. त्यांच्या छोट्या वह्या करायच्यात, प्रत्येक माशाच्या ७५, म्हणजे एकूण ३००. शिवाय मासळीबाजाराचं एक पोस्टर, ५० प्रती. डिसेंबरच्या प्रदर्शनात टेबल घेतलंय. डिजिटल प्रिंटवाल्याकडून नमुना काढला तर समुद्राचा निळा जांभळा आला, घडीवर रंग फुटला आणि ‘स्क्रीनवर होतं ते सगळं मेलं’. ऑफसेटवाला हजाराच्या खाली हात लावायला तयार नाही. म्हणून तुम्ही विचारताय, चांगला प्रेस कुठला?

प्रेस बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही. चित्र काढताना ते कशावर आणि कशाने छापलं जाणार हे ठरलेलं नव्हतं, खरी गोम तिथे आहे. मी पुण्यात बावीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) आणि छपाईचं डिझाइन करतोय आणि आलेल्या दहातल्या आठ कामांत हेच पाहतो. चित्र पूर्ण होतं, इन्स्टावर वाहवा होते आणि मग कागद शोधायला निघतात. मी उलट्या क्रमाने जातो. आधी कागद, मग शाया किती, मग आकार, आणि पेन्सिल सगळ्यांत शेवटी.

निळ्याचं आधी मिटवून टाकू. स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा उजेडाचा असतो. चार रंगांच्या छपाईत (सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे राणी गुलाबी, पिवळा आणि काळा) निळा सायन आणि मॅजेंटा यांतून बनवावा लागतो आणि मॅजेंटा सायनच्या जवळपास गेला की डोळ्याला जांभळा दिसतो. दोघांत निदान तीसेक टक्क्यांचं अंतर ठेवा. सायन १०० असेल तर मॅजेंटा ७०च्या खाली, मी तर ६०वरच थांबतो. तरीही स्क्रीनवरचा निळा कागदावर येणार नाही. तो त्या चार शायांत नाहीच. मॅपलिथोसारखा कोटिंग नसलेला कागद घेतला तर शाई आत मुरते, ठिपका पसरतो आणि रंग आणखी एक पायरी खाली बसतो. घडीवर रंग फुटला कारण डिजिटलचा टोनर कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसतो. जाड आर्ट कार्डावर गडद रंगाची घडी, तीही क्रीज (घडीच्या जागी आधी दाबून केलेली खाच) न मारता, म्हणजे फुटणारच. यात त्या प्रिंटवाल्याचा दोष शोधू नका.

आता कुठली पद्धत. हे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते आणि मशीन सेट होईपर्यंत माझ्या अनुभवात शे-दीडशे कागद सहज जातात. ३०० प्रतींसाठी १५० वाया, म्हणून तो माणूस नाही म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. पुढच्या वर्षी याच वह्या दोन हजार लागणार असतील तर त्याच्याकडेच जा. डिजिटलला प्लेट नाही, दहा प्रती काढा की तीनशे, दर कागदामागे तोच. फोटोसारखी, खूप छटांची चित्रं असतील तर डिजिटलच. पण तुम्ही पाठवलेला बांगडा मी पाहिला. त्यात जोर रेषेचा आहे. पाठीवरचे ते काळे पट्टे, खवल्यांची लय. छटा तुम्ही नंतर भरल्यात, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ब्रश होता म्हणून. असं चित्र स्क्रीन प्रिंटिंगसाठी जन्माला आलेलं असतं. लग्नपत्रिका छापणारा जो माणूस प्रत्येक गावात एक तरी असतो, त्याच्याकडचंच ते काम.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. कव्हरला क्राफ्ट बोर्ड (तपकिरी जाड कागद) घेतला असता, २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. शाया दोनच, रुपेरी आणि काळपट निळी. चारही माशांना त्याच दोन.

आता बघा काय होतं. पापलेटला रुपेरी शाई, यात समजावण्यासारखं काही नाही. चार रंगांच्या छपाईत ती चमक येतच नाही, करडा रंग येतो आणि करड्या रंगाचं पापलेट म्हणजे शिळं पापलेट. बांगड्याचं पोट रुपेरी, पाठ आणि पट्टे निळ्या शाईत. मांदेलीचा सोनेरीपणा तुम्ही पिवळ्यात शोधत बसलात, तो क्राफ्ट कागदातच आहे. अंग कोरं सोडा, फक्त कडेला आणि डोळ्याला रुपेरी द्या. कागद हा तिसरा रंग आहे आणि तो फुकट मिळतो. कर्ली लांबुडकी, कव्हरच्या पुढून मागे अशी घडीवरून जाऊ द्या, काट्यांची रेघ निळ्यात. चार वेगवेगळी चित्रं टेबलावर शेजारी ठेवली की एका घरची वाटतील, कारण शाई एक आणि कागद एक. सध्या तुमच्या चार कव्हरांत मी एकोणीस-वीस रंग मोजले. चारही जणी आपापल्या परीने ओरडतायत.

शिवाय यात हिशेब आहे. वही उघडी धरली तर कव्हर साडेआठ बाय साडेपाच इंच. चारी बाजूंना एक अष्टमांश इंच ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर सोडलेला जास्तीचा भाग) धरा, पावणेनऊ बाय पावणेसहा. १३ × १९च्या कागदावर अशी बरोबर चार बसतात, साडेसतरा बाय साडेअकरा, कडेला पाऊण-पाऊण इंच उरतो. चार जागा, चार मासे, एक फ्रेम (जाळी ताणलेली चौकट). ७५ कागद छापले की ३०० कव्हरं. दोन शाया म्हणजे दोन फ्रेम आणि दीडशे वेळा स्क्वीजी (शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी) ओढायची. एका माणसाचं, सुकण्याचा वेळ धरून, दीड-दोन दिवसांचं काम. कागद मात्र ७५ नको, ८५ कापून घ्या. पहिले चार-पाच नेहमीच वाया जातात आणि एखाद्यावर अंगठा उमटतो.

साडेआठ बाय साडेपाच कुठून आलं? तुम्ही ए-६ आकार धरलाय, कारण सॉफ्टवेअर तोच सुचवतं. आपल्या बाजारात मॅपलिथो २३ × ३६ इंचांत सहज मिळतो. ए-६ वहीचं उघडं पान, कापायची जागा धरून, या कागदातून १२ वेळा निघतं, म्हणजे ४८ पानं (पान म्हणजे इथे एक बाजू), आणि सुमारे ३० टक्के कागद कात्रणात. आकार सव्वाचार बाय साडेपाच करा, ए-६पेक्षा रुंदीला चिमूटभर जास्त आणि उंचीला थोडा कमी. ३६चे चार भाग ९, २३चे चार भाग पावणेसहा. उघडी पानं १६, म्हणजे बरोबर ६४ पानं. एक कागद, एक वही. ए-६मध्ये त्याच ६४ पानांच्या ३०० वह्यांना ४०० कागद लागले असते, इथे ३०० आणि वर थोडे वायाचे. वजनावर ताळा करायचा असेल तर इंचातली लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम, भागिले ३१००, म्हणजे ५०० कागदांचे किलो. ८० जीएसएमला साधारण २१.४ किलो येतात. रीम १९ किलोची निघाली तर ती ८०ची नाही.

एक अडचण मात्र लपवत नाही. कागदाला दिशा असते, ग्रेन म्हणतात. तंतू ज्या बाजूने पडलेत त्या बाजूला कागद सरळ फाटतो आणि सहज वळतो. वहीत ती दिशा घडीला समांतर हवी. २३ × ३६चा कागद बहुतेक वेळा लांबीच्या ग्रेनचा मिळतो आणि वर सांगितलेल्या कापणीत ग्रेन घडीला आडवा पडतो. आतल्या ८० जीएसएमला, मधोमध दोन पिना मारलेल्या वहीला हे चालतं. वही जरा ताठ उघडते, एवढंच. शॉर्ट ग्रेन मिळाला तर उत्तम, त्यासाठी अडून बसू नका. पण कव्हरचा बोर्ड आडव्या ग्रेनचा असेल तर घडीवर तंतू उभे राहतात आणि सगळ्या मेहनतीवर पांढुरकी चीर पडते. तो तुम्ही मोठ्या बोर्डातून कापून घेणारच आहात, तर १३ इंचांच्या बाजूला ग्रेन ठेवून कापा म्हणून सांगा आणि घडीला क्रीज मारून घ्या. कटिंगवाला ‘काही फरक पडत नाही’ म्हणेल. दोन तुकडे घेऊन त्याच्यासमोर दोन्ही दिशांनी घडी घालून दाखवा.

आतल्या पानांवर काय छापावं? माझं मत विचारलंत तर जवळपास काही नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फिकट मासा टाकण्याची तुमची कल्पना मी वाचली. अशी वही बघायला गोड दिसते आणि कोऱ्या पानांची वही लिहून संपते, हा फरक मी माझ्याच वह्यांवर शिकलोय. ठिपके किंवा रेघा हव्याच असतील तर कडेपासून निदान १२ मिलिमीटर आत थांबवा. एक तर मशीनचा ग्रिपर कागदाची एक कड धरतो, तिथे छापताच येत नाही. दुसरं म्हणजे १६ कागद एकात एक घडी घातले की आतले बाहेर सरकतात. ८० जीएसएमची जाडी धरली तर सगळ्यांत आतलं पान साधारण दीड मिलिमीटर पुढे येतं आणि कापताना तेवढंच अरुंद होतं. रेघा कडेपर्यंत नेल्या तर हे उघडं पडतं. चित्र टाकायचंच तर अगदी मधल्या जोडपानावर टाका. पिना दिसतात ते पान. तेवढं एकच जोडपान खरोखर सलग असतं, बाकी सगळीकडे डावं-उजवं वेगवेगळ्या कागदांवर असतं आणि मासा मध्ये तुटतो. लिहिता लिहिता मधोमध पोचल्यावर अचानक मासळीची पाटी उघडावी, ही गंमत मला कोपऱ्यातल्या चौसष्ट माशांपेक्षा जास्त आवडेल. आणि कागद घेण्याआधी त्यावर फाउंटन पेनाने लिहून बघा. ८० जीएसएमच्या काही मॅपलिथोंवर शाई पाठीमागे फुटते, काहींवर नाही. जीएसएमवरून हे कळत नाही.

आता चित्राचं. स्क्रीनसाठी तुमचं चित्र दोन थरांत वेगळं करायचं आणि दोन्ही थर निव्वळ काळ्यात. करडा कुठेही नको, जिथे शाई पडणार तिथे काळं. छटा हवी तिथे ती रेघांनी, ठिपक्यांनी किंवा कोरड्या ब्रशने काढा, हाताने. अस्पष्टतेची छटा फिल्मवर (जिच्यावरून जाळी तयार करतात) टिकत नाही. कागदावर छापायला आम्ही साधारण ९० ते १२० टीची जाळी वापरतो, म्हणजे सेंटिमीटरला तितके धागे. त्यातून केसासारखी रेघ जाते कधी, नाही कधी. ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघेवर विसंबू नका. कर्लीचे काटे म्हणूनच जरा जाड करा.

आधी रुपेरी, वर निळी. आणि रुपेरी थर निळ्या रेषेच्या आत अर्धा-पाऊण मिलिमीटर घुसवून ठेवा. हे मी फुकट शिकलेलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत जुलैमध्ये एका नाटकाच्या तीन रंगांच्या पोस्टरचं काम घेतलं होतं. पहिला रंग सोमवारी छापला. बाहेर धो धो पाऊस, कागद उघड्या रॅकवर. दुसरा रंग गुरुवारी. कागदाने मधल्या काळात ओल पिऊन अंग धरलं होतं. एका कोपऱ्यात रजिस्टर (रंगावर रंग नेमका बसणं) बरोबर, समोरच्या कोपऱ्यात मिलिमीटरभर हललेलं, आणि नायिकेच्या चेहऱ्याभोवती पांढरी रेघ. ऐंशी पोस्टरं पुन्हा छापली, स्वतःच्या पैशाने. तेव्हापासून दोन गोष्टी ठरलेल्या. सगळे रंग लागोपाठच्या दिवसांत, आणि रंगाखाली रंग थोडा सरकवलेला. तुम्ही डिसेंबरसाठी छापताय, हवा कोरडी असेल, तरी सवय लावून घ्या.

ही युक्ती माझी नाही, जुनी आहे. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसने (स्थापना १८७८) किंवा राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्याने काढलेलं एखादं देवाचं चित्र कुणाच्या देवघरात सापडलं तर भिंग घेऊन बघा. तेव्हा दगडावरून छापत, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, आणि कडांना रंग एकमेकांत शिरलेले. एकेका रंगाच्या थरांतून त्वचा, जर आणि ढग कसे उभे केलेत ते पाहायला मिळतं.

अक्षरांबद्दल एक गोष्ट तुमच्या नमुन्यातच दिसली. कव्हरवरच्या ‘कर्ली’चा रफार सुटून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलाय. फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली, तिथे तो फॉन्ट नव्हता. मजकूर आउटलाइनमध्ये (अक्षरांऐवजी आकारांत) बदलूनच फाइल द्या आणि बदललेली नव्हे, लिहिता येणारी प्रत स्वतःकडे ठेवा. रोमनसाठी निवडलेलं अक्षराचं माप देवनागरीला तसंच लावू नका. आपल्याला वर वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार यांची जागा लागते. रुपेरीत बारीक अक्षर कोरं सोडायचा मोह टाळा, शाई आत सरकून ‘ष’चं पोट भरतं. माशांची नावं तर मी फॉन्टात लावणारच नाही, ब्रशने लिहीन. रेषा इतकी चांगली असलेल्या माणसाने फॉन्ट शोधत का बसावं?

पोस्टरला कमी वेळ देतो, कारण तिथली चूक एकच आहे. ते मोठं केलेलं कव्हर आहे. मूळ फाइल १०८० पिक्सेलची. ३०० डीपीआयने (इंचाला ठिपके) ती ३.६ इंच छान छापते, १८ इंचांवर ताणली की ६० डीपीआय उरते. पुन्हा काढावं लागेल, आणि पुन्हा काढणारच आहात तर दहा फुटांवरून बघायचं चित्र काढा. बाजारातल्या सतरा बायका, तराजू, मांजर, बर्फ हे सगळं जवळून छान आहे. लांबून करडा गोळा दिसतो. एक कोळीण, एक पाटी, एक सुरा. मांजर ठेवा. आकार १२ × १८ इंच. तयार फ्रेम त्या मापात सहज मिळतात आणि ‘फ्रेम कुठे मिळेल’ या प्रश्नावर टेबलासमोरची निम्मी गिऱ्हाइकं गळतात. गुंडाळी स्कूटरवर नेता येते, हेही छोटं नाही. ५० प्रतींना तीन शायांचं स्क्रीन परवडतं. निळीवर पारदर्शक पिवळी छापली की हिरवी आपोआप मिळते, म्हणजे मोजायला चार रंग. तिसऱ्या फ्रेमचे पैसे नसतील तर दोनच शाया घ्या, पण डिजिटलवर जाऊ नका. वह्यांशेजारी ते लगेच परकं दिसेल.

दर इथे लिहीत नाही. कागदाचा भाव मी लिहून होईपर्यंत बदलेल आणि तुमच्या गावचा मजुरीचा दर मला ठाऊक नाही. प्रेसवाल्याला ‘एक वही केवढ्याला’ असं मात्र विचारू नका. कागद, कापणी, फ्रेम, ओढणी, क्रीज, पिना आणि शेवटची तीन बाजूंची कापणी असं वेगवेगळं विचारा. मग पुढच्या वेळी काय कमी करता येईल ते तुम्हालाच दिसेल.

आणि हे सगळं छापायला देण्याआधी एक डमी करा. १६ कोरे कागद, एक क्राफ्टचा तुकडा, घरातला स्टेपलर, कात्री. त्यावर पेन्सिलीने कुठे काय ते काढा आणि आठवडाभर पिशवीत टाकून फिरा. तिथे कर्लीचं तोंड घडीवर येतंय की नाही ते कळेल, साडेपाच इंच खिशात जातात का तेही. हीच डमी घेऊन स्क्रीनवाल्याकडे जा. पहिल्या वेळी छपाईला स्वतः उभ्या राहा, तो नको म्हणाला तरी. उन्हाची दुपार असेल आणि पाण्याची शाई असेल तर ती जाळीतच सुकते, त्याला थांबून जाळी पुसायची आठवण करून द्या. आणि रुपेरी शाई दर दहा-बारा ओढींनंतर ढवळायला लावा. चकाकी जड असते, तळाशी जाऊन बसते आणि शेवटची वीस पापलेटं करडी निघतात.